फुंकोबाचा निरोप

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळच्या एसटीने मलकापूरला उतरलो. मालकांनी जीप पाठवली होती. मालक म्हणजे पेठ वडगावचे विजयसिंह साहेब; सड्यावरचे पर्यटनाचे ठिकाण त्यांचे. घाट चढून गाडी सड्यावर आली आणि मन एकदम हलके झाले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट रान. आत्ता तो पिवळ्या सोनकीने नुसता भरलेला आहे. वारणानगरच्या कामगार वसाहतीत जन्म गेला, पण इतके आभाळ एकदम कधी पाहिले नव्हते.

माझी खोली पत्र्याची पण कोरडी आहे. कॉट, गॅसची शेगडी, पाण्याचे पिंप. खुंटीवर एक तपकिरी स्वेटर राहिला आहे. माझ्या आधी इथे काम करणारे आण्णा नावाचे गृहस्थ तो विसरून गेले असावेत. घडी करून कॉटखाली ठेवला.

दिवाळीपर्यंत टिकलो तर मालक कायम करणार आहेत. निघताना आव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, शशिधर, ही नोकरी तरी भिऊन सोडू नकोस. दोन सोडल्या आहेत. ही सोडणार नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

आज ते ठिकाण नीट पाहिले. खोलीपासून थोडे वर, तारेच्या कुंपणात, कातळाला एक भोक आहे. भाकरी थापायच्या परातीएवढे. त्यातून सकाळी वारा बाहेर येतो आणि संध्याकाळी आत ओढला जातो. लोक त्याला फुंकोबा म्हणतात. भोकावर रुमाल धरला की सकाळी तो उडतो, संध्याकाळी हातातून निसटू पाहतो. पर्यटक त्यासाठीच येतात.

माझे मुख्य काम पाट्यांचे. पेठ वडगावला बॅनरच्या दुकानात होतो तेव्हापासून माझे अक्षर बरे आहे, आणि बारावी नापास असलो तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. कुंपणाच्या वाटेवर 'जगातील अद्भुत ठिकाणे' अशी रांग लावायची आहे. तुर्कमेनिस्तानातील पन्नासहून अधिक वर्षे जळणारा खड्डा, अमेरिकेतील आपोआप सरकणारे दगड, बोलिव्हियातील मिठाचा आरसा. प्रत्येक पाटीखाली 'शास्त्रीय कारण' लिहायचे. दगड पातळ बर्फाने आणि वाऱ्याने सरकतात हे मला माहीत नव्हते. लिहून झाल्यावर बरे वाटले. शेवटची पाटी फुंकोबाची. तिच्याखालची जागा मालकांनी तूर्त मोकळी ठेवायला सांगितली आहे.

दूध आणि भाकरी खालच्या धुमकवाडीतून जोतीराम आणतो. त्याची आई बयाबाई कुंपणाजवळ ताक विकते. गंमत म्हणजे सड्यावर जोतीराम तिलाही पावणं म्हणतो. पावणं, जरा सरका. तीही त्याला म्हणते, सरकते की पावणं, कुठं पळून चाललेय. मला हसू आले. मी घरचाच आता, मला नावाने हाक मारा, असे मी सांगितले. दोघेही हसले नाहीत.

उतरताना जोतीरामने भोकाकडे तोंड करून मोठ्याने 'जातो' म्हटले. आमच्या घरात कुणाच्या तोंडून चुकून हा शब्द निघाला तर त्याला परत बसवून पाणी पाजतात आणि मगच सोडतात. मी सवयीने 'येतो' म्हणालो.

"पावणं, हितं जातो म्हणायचं," जोतीराम म्हणाला.

का, असे विचारले. रीत हाय, एवढेच म्हणाला.

८ सप्टेंबर, सोमवार

मी रोज 'येतो' असेच म्हणतो. देवाचे ठिकाण असेल तर त्याला अभद्र का बोलायचे? आणि देव नसेल तर काहीही म्हटले तरी काय बिघडते? कोल्हापूरचे पर्यटक तर 'बाय' करून जातात. त्यांचे काही वाकडे झालेले ऐकले नाही.

खरे कारण मला आज कळले. जीपवाल्याने सांगितले की कुंपण होण्याआधी वाडीची गुरे दुपारी फुंकोबापाशी बसत. गार वारा असे. मालकांनी तार घातली आणि ते बंद झाले. म्हणजे वाडीला आमची माणसे इथे नकोच आहेत. आण्णांनाही असेच काहीबाही सांगून घालवले असणार.

मी जोतीरामवर लक्ष ठेवणार आहे. मी 'येतो' म्हणालो की तो आधी माझ्याकडे बघतो, मग भोकाकडे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

फुंकोबाच्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास असतो. आज सकाळी वेगळा आला. खोबरेल आणि त्यात भीमसेनी कापूर. आव्वा दर रविवारी माझ्या डोक्याला हेच तेल लावायची.

कुणीतरी भोकात तेलाचा बोळा टाकला असावा, म्हणून काठीला तार बांधून आत फिरवली. काही लागले नाही. जोतीरामला विचारले. त्याने वास घेतला आणि म्हणाला, मला तर मातीचाच येतोय. खोटे बोलताना तो शांत असतो की खरे बोलताना, हे अजून कळत नाही.

आव्वा तेलात कापूर घालते हे मी इथे कुणाला सांगितल्याचे आठवत नाही. बोलण्याच्या ओघात सांगितले असेल. सांगितलेच असणार.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी युक्ती केली. पाट्यांच्या आखणीसाठी आणलेली पांढरी रांगोळी भोकाभोवती पातळ पसरली. कुंपणाला कुलूप लावले. किल्ली करगोट्याला बांधली. 'येतो' म्हणून खाली आलो आणि जेवून झोपलो.

सकाळी रांगोळीत पावले होती. चपलांची. डाव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला ठसा. ती चप्पल माझी आहे.

सगळी पावले भोकाकडे जाणारी. परतीचे एकही नाही.

चपला कॉटखाली होत्या, आण्णांच्या स्वेटरशेजारी. तळाला रांगोळी लागली होती. जोतीरामने खोलीत शिरून त्या नेल्या आणि परत ठेवल्या, असे होऊ शकते. पण दाराची कडी आतून होती. मी झोपेत चाललो असेन, असेही होऊ शकते. मग मी परत कसा आलो?

रांगोळी झाडून टाकली. मालकांना फोन केला नाही. ते म्हणतील, भ्यालास.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

धुके. पर्यटक नाहीत. आज मी 'येतो' म्हणालो नाही. 'जातो'ही म्हणालो नाही. गप्प उतरलो. उताराची वाट चालत होतो, तरी पायांना चढ लागत होता. धुक्यातून पाट्या दिसल्या. जळणारा खड्डा, सरकणारे दगड, मिठाचा आरसा. मी परत वर होतो. वाट चुकलो असेन. धुक्यात कुणीही चुकते.

शेवटी जोतीरामने हाताला धरून खोलीशी आणले. दार उघडून दिले आणि म्हणाला, "शशिधर, दूध ठेवलंय."

पावणं म्हणाला नाही.

इतके दिवस मला तेच तर हवे होते. मग अंगावर काटा का आला? त्याला म्हटले, अरे, पावणं म्हण की. तो म्हणाला, आता खोटं कसं म्हणू?

२१ सप्टेंबर, रविवार

वाडीत गेलो. बयाबाई उंबऱ्यावर बसली होती. मी भांडायलाच गेलो होतो. तुमच्या गुरांसाठी मला भिववता काय, असे विचारले. ती म्हणाली, गुरं खालच्या गायरानात मजेत हायेत, बस.

मग तिने सांगितले ते तसेच लिहून ठेवतो.

"पावणं आलं की निरोप घेऊन जातंय. घरच्याला कोण निरोप देतंय, बाबा? तू रोज येतो म्हणालास. त्ये रोज वाट बघत बसलं. आण्णाबी असाच. लई मर्यादशीर माणूस."

आण्णांचे काय झाले, असे विचारले. आण्णा भिऊन मलकापूरला घरी गेले होते. तिथे थोडे दिवस राहिले. मग एका सकाळी पायी परत आले, अंगात स्वेटरसुद्धा नाही. बायको मागोमाग रिक्षा करून आली, तोवर ते वर चढून गेले होते. पुढे कुणाला दिसले नाहीत. मालकांनी ही गोष्ट दाबली म्हणे.

पहिल्याच दिवशी धड का सांगितले नाही, असे मी ओरडलो. ती म्हणाली, आण्णाला धड सांगितलं हुतं. तो हसला.

मी काय करू? उद्या तोंडावर जातो म्हण, ती म्हणाली. मागं बघू नको. ऐकतंय का बघ.

आणि नाही ऐकले तर? तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले आणि आत गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळ. आत ओढायची वेळ. भोकासमोर उभा राहिलो. 'जातो' म्हणालो.

वारा थांबला. पूर्ण. सोनकीचे एक फूल हलेना.

मग बाहेर आला. संध्याकाळी तो बाहेर येत नसतो. ऊन ऊन, तोंडावर. खोबरेल आणि कापूर. कुणी कपाळावरून हात फिरवावा तसा.

पुन्हा ओरडलो. जातो, जातो. मागे पाहिले नाही. जोतीराम कुंपणाशी होता. त्याला म्हटले, एकदा तरी पावणं म्हण. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

नोकरी सोडली. आव्वाला काय सांगायचे ते नंतर बघू. घरी जायचे, बस.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पोचलो. बांबवड्याला गाडी बदलली तेव्हा कडक ऊन होते. वारणानगरचा चौक दिसला आणि रडू आले. सुटलो.

आव्वाने दार उघडले. रागावली नाही. हसली, कमरेवर हात ठेवला.

"आलं का पावणं!"

थट्टा केली. लांबून आलेल्या पोराला कुठलीही आई असेच म्हणते. हे मी तीनदा स्वतःला सांगितले. मग तिने पाण्याचा तांब्या दिला. पाहुण्यांसाठी फडताळात ठेवलेला, पितळी.

२४ सप्टेंबर, बुधवार

शेजारच्या गंगव्वा आल्या. विचारले, किती दिवस मुक्काम? मुक्काम. माझ्याच घरात.

आव्वाला म्हटले, मला पावणं म्हणू नकोस. ती म्हणाली, कधी म्हटले? तिला आठवत नाही.

डोक्याला तेल लाव म्हटले. लावले. कापराचा वास येईना. ओल्या मातीचा आला. बाटली पाहिली — तेच तेल. आव्वाला मात्र कापराचाच येतो म्हणे.

दाराचा पडदा सकाळी बाहेर फुगला होता. संध्याकाळी आत. पंखा बंद. गल्लीत वारा नाही —

बयाबाई, जोतीराम, वाडी. सगळे ठरवून करत आहेत असा संशय होता तोवर बरे होते. माणसांचा संशय घेता येतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

झोप लागली नाही. आव्वाला सांगितले, मला कोंडून ठेव. कडी लाव. लावली. विळी घेऊन दारात बसली आहे, कांदा चिरते आहे. रडते आहे. कांद्याने नसावे.

मला घरची आठवण येते आहे. इथे घरी बसून. पत्र्याची खोली. सोनकी. कुणीतरी वाट बघत असेल, अशी हुरहुर —

ही माझी नाही. लिहून ठेवतो. ही हुरहुर माझी —

उठलो होतो वाटते. चपला पायात आहेत. वही हातात. उंबऱ्याच्या बाहेर उभा आहे. कडी कुणी काढली?

आव्वा तोंडावर हात ठेवून बघते आहे. विळी आडवी पडली आहे. ती म्हणते, मागे फिर, बस, पाणी पी, आधी पाणी पी —

मी काही बोललो का तिला? जाताना आपण नेहमी म्हणतो तेच म्हणालो असेन. घरातून निघताना दुसरे कधी म्हटले नाही —

ती माझ्या दंडाला धरून हलवते आहे. विचारते आहे, जातो का म्हणालास, शशी, आईला जातो का म्हणा