सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

४ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये जाऊन पडले. बाहेर काँक्रीट मिक्सरची घरघर, आत मात्र सकाळ! पडद्यामागे कोवळ्या उन्हाच्या रंगाचा दिवा लावलाय, त्यामुळे इथे दुपार होतच नाही. प्लास्टिकची सफरचंदं, पुठ्ठ्याचा टीव्ही, आत पानं नसलेली पुस्तकं. खऱ्या बिल्डिंगचा अजून दुसरा स्लॅब पडायचाय, आणि मी तयार घरात लोळतेय. आमचे हे म्हणतात, "प्रोजेक्ट मॅनेजर कसली, तू त्या खोट्या घराची मालकीण!" म्हणोत बापडे.

पाय तेवढे बाहेर लटकतात. लटकणारच — पलंग मुद्दाम आखूड करून घेतलाय. खुर्च्या बुटक्या, कपाट अरुंद, आणि चौकटींना दारंच नाहीत. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून. "सगळेच करतात," साहेब म्हणाले होते. ऑर्डर मीच दिली. सुतार म्हणाला, "मॅडम, इथे बाहुल्या राहणार का?" खूप हसलो होतो दोघं.

९ फेब्रुवारी

आज एक ग्रंथपाल आले होते घर बघायला. खोटं पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाले, "हे आमच्याकडे चालायचं नाही!" गोड माणूस. आई अंथरुणाला खिळलेली. राहतात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही — आई कित्येक वर्षांत खाली उतरलेली नाही. जुनं घर विकून इथे यायचं म्हणतायत.

"इथे आईची कॉट. इथून चाकाची खुर्ची फिरेल. खिडकीशी बसवीन तिला." इतकं हळू बोलत होते, जणू ती तिथे झोपलीच आहे. मलाही दिसली ती. पांढरे केस, गालावर ते कोवळं ऊन...

मग मी भानावर आले. खरी कॉट ठेवली, दार बसवलं, की खुर्ची फिरणारच नाही!

१० फेब्रुवारी

पहाटे स्वप्न. मी त्यांच्या आईची खुर्ची ढकलतेय, एका खोलीतून दुसरीत, आणि प्रत्येक खोली आधीपेक्षा लहान. त्या आपल्या हसतायत — "अगं, हळू! गुडघे आपटतील माझे." जाग आली तरी खोलीभर ते ऊन होतं. दिवसभर साइटवर फिरले, पण धड एक काम सुचलं नाही.

१२ फेब्रुवारी

साहेबांना म्हटलं, खऱ्या मापाचा पलंग ठेवूया. "डोकं ठिकाणावर आहे ना? आपण घरं विकतो, मोजपट्ट्या नाही!" साइटवर परतले. नोकरी आहे बाई.

१४ फेब्रुवारी

साहेब दोन दिवस बाहेरगावी! सुताराला गाठलं. पूर्ण मापाची कॉट आणली, दार बसवून घेतलं. ग्रंथपाल उद्या पुन्हा येणार आहेत. त्यांना "आधीचा पलंग फसवा होता" असं तोंडाने सांगायचं म्हणजे कंपनीची अब्रू जायची, आणि माझी नोकरीही. कॉटच सांगेल काय ते. साप मरेल आणि काठीही... असो. आज फार हलकं वाटतंय.

१५ फेब्रुवारी

ग्रंथपाल आले. आईची चाकाची खुर्ची घडी करून सोबत आणली होती! रिकामी खुर्ची आत ढकलली. कॉटच्या पायथ्याशी अडली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा अडली. दार खुर्चीवर आपटलं.

"मागच्या वेळी मोठी वाटली होती हो खोली."

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "वाटतं असं कधीकधी."

ते खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले. मग खुर्चीची घडी घालून निघून गेले. वाईट वाटलं. पण वाचले ना बिचारे! ते गेल्यावर मी त्या कॉटवर आडवी झाले. पायही आत, मनही जागेवर. कधी नव्हे ती छान डुलकी लागली.

१७ फेब्रुवारी

साहेब परतले. आखूड पलंग पुन्हा आत, दार बाहेर. "हातचं गिऱ्हाईक घालवलंस!" ओरडू देत. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

२६ फेब्रुवारी

ग्रंथपाल आले, हातात फुलं! समोरच्या रस्त्यावरच्या प्रोजेक्टमध्ये घर घेतलं म्हणे. जुनं घर विकून मोकळे झाले. "तिथली खोली मोठी आहे हो! पलंग असूनही आईची खुर्ची गरकन फिरते, मी फिरवून बघितली. तुमच्यामुळे वाचलो."

तिथे अजून नुसता पाया खणलाय. नकाशे मी पाहिलेत — खोल्या आमच्याहून लहान. आणि तिथल्या सॅम्पल फ्लॅटचा पलंग आमच्याच सुताराने केलाय.

"वा! छान झालं," मी म्हणाले.