खाच डावीकडे

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (डावा की उजवा, हे मी हल्ली कुणालाच विचारत नाही. कारण पुढे येईल.) भाऊजींचा खोकला थांबला असावा, अशी देवाजवळ प्रार्थना. इकडे सगळे धडधाकट आहेत, मी सोडून. आणि मलाही आजार काही नाही, हीच अडचण आहे. आजार असता तर रजा तरी मिळाली असती.

उंदरांच्या भीतीवरचा माझा तो निबंध तुला आठवत असेल. घाबरलेल्या उंदराच्या मेंदूत उजव्या बाजूच्या पेशी जास्त जाग्या होतात, असं मी अकरा वर्षांपूर्वी छापलं. दुसऱ्या कुणी त्याच्या लेखात आपला दाखला दिला की आमच्यात तो एक गुण धरतात. त्या निबंधाला आजवर दोनशे एकतीस दाखले मिळाले. (तू शिक्षकखोलीत सगळ्यांना आकडा सांगितलास, तेव्हा एकशे नव्वद होते.) बाकीच्या अठरा निबंधांना मिळून तेवीस, आणि त्यातले नऊ माझे मीच दिलेले, पंगतीत कुणी वाढेना म्हणून माणसाने स्वतःच उठून वाढून घ्यावं, तसे.

गेल्या आठवड्यात तळघरातल्या प्रयोगशाळेत कपाट आवरताना जुनी वही सापडली. मेंदूचे काप काचेवर पालथे पडले तरी बाजू ओळखता यावी म्हणून आम्ही आधीच उजवीकडे बारीक खाच मारून ठेवतो. वहीत माझ्याच अक्षरात होतं : ‘चाकू नीट बसेना, खाच डावीकडे मारली.’ पुढे मी ते साफ विसरलो आणि खाच म्हणजे उजवी बाजू धरून सगळं मोजलं. तिथेच स्टुलावर बसलो. फ्रीज घरघरत होता. आयुष्यात मी कुणाचं डावं-उजवं केलं नाही, ताई. केलं ते ह्या चाळीस उंदरांचं.

मग तीन दिवस ते दोनशे एकतीस लेख उघडून पाहिले. बहुतेकांनी माझा निबंध वाचलेलाच नाही, एकाचं बघून दुसऱ्याने दाखला उतरवलाय. तिघांना मात्र भीती डावीकडे सापडली होती. तिघांनीही नम्रपणे लिहिलंय की आमच्याच मोजणीत काही चूक असावी. त्यातली एक मुलगी त्यानंतर संशोधन सोडून विमा कंपनीत लागली, असं चौकशीत कळलं. तेव्हापासून देवापुढे बसतो, पण हात जोडवत नाहीत.

विभागप्रमुखांना सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, “अहो, उंदराला तरी कुठे ठाऊक डावं कुठलं? सोमवारी बढतीची मुलाखत होऊ द्या, मग निबंध खुशाल मागे घ्या.” (पन्नाशीनंतर ही मुलाखत देता येत नाही, आणि तो निबंध वजा केला तर माझ्याजवळ खरे चौदा दाखले उरतात.) घरी हिला सांगितलं, तर म्हणाली, “एवढे मेंदू चिरलेत, स्वतःचा तेवढा तपासायचा राहिला.” मग बराच वेळ भाजी निवडत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, “पण त्या मुलीला कळायला हवं हो.”

शेवटी काल सकाळी अंघोळ करून संपादकांना पत्र लिहिलं : निबंध मागे घेत आहे, चूक माझी, त्या तिघांचं बरोबर होतं. चारच ओळी झाल्या. एवढं स्वच्छ मी अकरा वर्षांत काही लिहिलेलं नाही. मन हलकं होतं म्हणतात, तसं काही झालं नाही. पण चहा गोड लागला.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : शिक्षकखोलीत कुणी आकडा विचारलाच, तर तास आहे म्हणून उठून जा.

आणखी एक ता. क. : वर मी ‘पत्र लिहिलं’ म्हटलंय, ‘पाठवलं’ म्हटलेलं नाही. तू चोवीस वर्षं वह्या तपासतेस, तुझ्या नजरेतून हे सुटलं नसेलच. ते संगणकावर तसंच पडून आहे. बोट बटणापर्यंत जातं आणि चष्मा पुसायला परत येतं. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. सोमवारच्या आत एक फोन कर, आणि लहानपणी माझी चोरी पकडलीस की घ्यायचीस, तसं माझं पूर्ण नाव घे. पुढे काही बोलू नकोस.