हरिबाची हजेरी

भूम,
४ ऑक्टोबर १९८४

प्रिय दादा,

सादर नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इथं पाऊस यंदाही वरूनच निघून गेला. विहिरी कोरड्या आहेत, पण सोसायटीची डाळ मिल चालू आहे. सकाळच्या उन्हात तुरीची पिवळी धूळ तरंगत राहते. तिच्यातून येणारी माणसं आधी नुसती सावली असतात. मग त्यांना नावं येतात.

हजेरी मीच पुकारते. 'हरिबा' म्हटलं की गौराबाई 'हाय' म्हणते. हरिबा तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी वारला. पोती उचलून यंत्रात तूर ओतायचं त्याचं काम तिनं घेतलं. तिचं नाव घातलं तर बाईचा कमी रोज लागेल, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याचंच नाव चालू ठेवलं. डाळ निवडता निवडता मथुराबाई म्हणते, "जिता हुता तवा दांड्या मारायचा. आता बगा, एक खाडा न्हाय." गौराबाईही हसते. मला मात्र कधी कधी धुळीत तोच उभा दिसतो.

उद्या वार्षिक सभा. अहवाल मी लिहिते. अध्यक्ष नानासाहेबांना त्यात एक ओळ हवी होती: समान कामाला स्त्री-पुरुषांना समान रोज. मी थबकले तसे म्हणाले, "शारदाबाई, गड्याचं काम करणारी एकच बाई, तिला गड्याचाच रोज. खोटं काय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते मनातून जाईना.

गौराबाईला विचारलं. खरं नाव लिहिलं तर मजुरी उतरू शकते, हेही सांगितलं. तिनं पदरावरची धूळ झटकली.

"लिवा," म्हणाली. "सकाळी सकाळी त्याला उठवून आणायचं लई जिवावर येतं. मजुरी कापली तर पोतं खाली ठिवीन. मिल कशी चालती बगू."

तिच्या जिवावर मी माझ्या मनाचं समाधान तर करून घेत नाही ना? रोजनिशीत हे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

दादा, नानासाहेबांना दाखवलेला अहवाल वेगळा आहे. उद्या सभासदांपुढे मी वाचणार आहे तो असा: 'हरिबा वारले. त्यांच्या जागी गौराबाई काम करतात, त्याच रोजावर.' सभेनं एकदा मंजूर केलं की तो रोज उतरवणं नानासाहेबांना सोपं जाणार नाही.

ही नोकरी तुमच्या शब्दावर मिळाली. पत्र पोचेल तेव्हा अहवाल वाचून झालेला असेल, आणि नानासाहेब तुमच्याकडे आलेही असतील. त्यांना चहा द्या. माझ्या वतीनं माफी तेवढी मागू नका.

तुमचीच,
शारदा