आवाजाचे सांधे

मंगळवार, ८ मार्च

चि. छोटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सारं ठीक. ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता त्यांना छतावरची कोळिष्टकं दिसतात आणि त्यावरून हे दिवसभर माझा जीव खातात! माझी बोटं वाकडी ती वाकडीच. अक्षरावरून कळलंच असेल.

रविवारी फोनवर तू चिडलीस. "उचलतेस आणि गप्प बसतेस? बोलायचं नसेल तर तसं सांग!" अगं, मी सगळं ऐकत होते.

गेले काही महिने माझा आवाज बसत होता. बसस्थानकावर दिवसभर गाड्या पुकारायच्या म्हटल्यावर घसा बसणारच, असं वाटलं. गिळताना कानापर्यंत कळ जायची. गुळण्या केल्या, मध चाटला.

मग एका सकाळी माइकवर गाडी पुकारता पुकारता श्वासच आत जाईना. छाती ओढून ओढून घेतेय, आणि घशातून नुसती शिट्टी! माइक चालूच होता. सगळ्या स्थानकानं ऐकलं. तिकीट खिडकीतली मैत्रीण धावत आली, "पाणी पी, पाणी पी!" म्हणाली. पाणी कुठलं गं, डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "संधिवात कधीपासून आहे?" मी जिवाच्या आकांतानं गळा दाखवला. त्या म्हणाल्या, "गळ्याचंच विचारतेय. स्वरयंत्रातही दोन इवलेसे सांधे असतात. तुमचे सुजून आखडलेत. श्वास घेताना स्वरपट्ट्या बाजूला व्हायला हव्यात, त्या हलतच नाहीत."

मी बघतच राहिले. आवाजालाही सांधे असतात? इतकी वर्षं गुडघे शेकले, मनगटं जपली. गळ्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. अजून विश्वास बसत नाही.

घाबरू नकोस. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे, श्वास तिथून चालतो; ती उघडी असली की आवाज फुटत नाही. सूज उतरायची औषधं सुरू आहेत. नळी कधी निघेल, निघेल की नाही, बाई नक्की सांगत नाहीत. माइकवर आता दुसरी मुलगी बसते. चांगली आहे, थोडी घाई करते.

थोडं थोडं बोलून बघा, असं बाईंनी सांगितलंय. काल आतल्या खोलीत नळीवर बोट दाबून धरलं आणि तुला हाक मारली. नुसतं "छोटे".

बाहेरून ह्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

छोटे, फोन नको करूस. तू ये. समोर बसून ऐक मला. तू ओ दिलीस, तर हा आवाज माझाच आहे असं मला वाटेल.

तुझीच,
ताई