मुकुंदचे शेवटचे भूत

२ फेब्रुवारी १९७८
मुकुंदला जाऊन तीन आठवडे झाले. मी व्यवस्थित आहे. ऑफिसला जातो, झोप लागते, जेवण जाते. लोक उगाच खांद्यावर हात ठेवतात.
आज मधुकरराव प्रकाशक इतवारीच्या बाजारातून आले. मुकुंद त्यांच्यासाठी शाळकरी मुलांच्या भुताच्या विनोदी कादंबऱ्या लिहायचा. शेवटची अर्धी राहिली. सुट्ट्यांच्या आधी बाजारात हवी, दुसरा लेखक लावतो म्हणाले. मी म्हटले, धाकट्या भावाचे काम आहे, मीच पुरे करतो. आठवडा पुरे. वीज खात्यात इतकी वर्षे रिपोर्ट लिहितो आहे. भूत म्हणजे तरी काय, एक रिपोर्टच.

५ फेब्रुवारी, रविवार
मुकुंदची जुनी पुस्तके वाचली. साचा एकच. चार पोरे, त्यात एक खादाड, आणि कुत्रा. ओसाड घर. दिवा जातो. मग पोरे काहीही कारण नसताना वेगवेगळ्या खोल्यांत शिरतात. घाबरवले की लगेच हसवायचे. शेवटी भूत "जातो" म्हणते आणि कायमचे जाते.
त्याची मुलगी जया चौदा वर्षांची आहे. तिने समजावले. म्हणाली, मोठे बाबा, जित्ता माणूस घरातून निघताना येतो म्हणते. जातो फक्त भूत म्हणते. बाबाचा नियमच होता तो. हे वाक्य वाचलं का पोट्टे चादर तोंडावर घेतेत.
सोपे आहे.

११ फेब्रुवारी
तिसरे प्रकरण झाले. कुही गावचे ओसाड रेस्ट हाऊस. दिवा गेला. फ्यूज उडाला होता. पोरांनी तक्रार नोंदवली, सकाळी वायरमन आला, दिवा लागला.
जयाने वाचले. विचारले, भूत कुठी गेलं? मी म्हटले, अर्थिंग बरोबर असलेल्या घरात भूत कशाला येईल? ती म्हणाली, मंग पुस्तक कोण घेईन, तुमच्या खात्यातले लोक?
तिची आई कौशल्या स्वयंपाकघरात हसली. महिन्यात पहिल्यांदाच. विनोद जमतो आहे असे दिसते.

१९ फेब्रुवारी
भूत आणले. भयंकर झाले आहे. धानाच्या बांध्यांवरून गार वारा येतो म्हणून त्याला तपकिरी मफलर दिला. ते खादाड पोराकडे माचिस मागते. चहात साखर कमी म्हणून कुरकुरते. कुत्रा त्याला पाहून शेपूट हलवतो.
जयाने वाचून कागद खाली ठेवले. मग म्हणाली, मफलर बाबाचा हाये. मी म्हटले, तपकिरी मफलर इतवारीत ढिगाने मिळतात, पात्र काल्पनिक आहे. म्हणाली, कुत्र्याले समजलं, तुमाले नाही समजलं.
मुलगी फटकळ होत चालली आहे. शिस्त लावावी. पुढच्या महिन्यापासून.

२७ फेब्रुवारी
ऑफिसातून येताना दोन आलुबोंडे आणले. सवय. दुसरा मुकुंदचा असायचा. दोन्ही मीच खाल्ले. भूक उत्तम.

५ मार्च
इतवारीत गेलो. मधुकररावांनी चार प्रकरणे त्यांच्या पुतण्याला वाचायला दिली होती. म्हणाले, गोपाळराव, पोट्टा भिऊन नाही राहिला जी. रात्री उठून विचारून राहिला, का भुताले पांघरूण हाये का म्हणून. घालवा बाप्पा त्याले आता.
घालवतो म्हटले. दोन पानांचे काम.

१२ मार्च
भूत घालवले. दारापर्यंत आणले, मफलर नीट गुंडाळून दिला. "येतो," म्हणाले आणि गेले.
पुढच्या पानावर परत आले. छत्री विसरली होती.

१६ मार्च
पुन्हा घालवले. "येतो," म्हणाले. खादाड पोराची माचिस खिशात राहिली म्हणून परत आले. प्रामाणिक भूत आहे. पुस्तक ठरल्यापेक्षा दीडपट झाले. वाचकांचा फायदाच.

१९ मार्च
जया चिडली. म्हणाली, तो येतो म्हणून राहिला, मंग जाईन कसा? जातो म्हणू द्या ना त्याले! मी म्हटले, घरातून निघताना असे कोणी म्हणते का? काही संस्कार असतात. ती म्हणाली, भुताले काह्यचे संस्कार? मग म्हणाली, बाबा बी त्या दिवशी येतोच म्हणाले होते. आणि आत निघून गेली.
मुकुंद त्या दिवशी सायकलने माचिस आणायला निघाला. चौकात ट्रक आला. निघताना, दादा, येतो, म्हणाला. मी पेपर वाचत होतो. रोजचेच वाक्य. यात लिहिण्यासारखे काही नाही.

२ एप्रिल
मधुकररावांचा निरोप. शनिवारपर्यंत शेवट द्या, नाहीतर बाकीचे दुसऱ्याकडून लिहून घेतो. पुस्तकावर नावही त्याचेच जाईल, असे कौशल्याला सांगून गेले. तिने दिव्याची काच पुसून माझ्या टेबलावर ठेवली.
बसलो. शाई भरली. पेन धुतले. पुन्हा शाई भरली.
शेवटी जयाने कागद ओढून घेतला. म्हणाली, सरका, मीच लिहिते. तिने लिहिले की भूत उंबऱ्यापाशी थांबले, मागे न पाहता "जातो" म्हणाले आणि धानातून चालत गेले.
चांगले लिहिले आहे. मीही असेच लिहिणार होतो.

१५ एप्रिल
छापखान्यात जाऊन प्रुफे तपासली. शेवटचे पान दोनदा वाचले. सही केली. काम पूर्ण. मन हलके वगैरे व्हायचे कारण नाही, जड नव्हतेच.

२८ एप्रिल
पुस्तक आले. मुकुंदचे नाव ठळक आहे. शेवटच्या पानावर भूत "येतो" म्हणते.
जयाला घेऊन तडक छापखान्यात गेलो. कंपोझिटर बळीराम हात पुसत म्हणाला, साहेब, जातो शब्द अभद्र. आधीच ज्याचं पुस्तक तो गेला. मले वाटलं, दुःखात तुमच्या हातून पडला, म्हणून मीच बदलला. पण विचारल्याबिगर नाही बदलला जी. प्रुफात बाजूले लाल खूण केली होती, तुमी तिथंच सही केली.
येताना सवयीने दोन आलुबोंडे घेतले. दारात जया म्हणाली, एवढी मोठी लाल खूण नाही दिसली? मी म्हटले, नजरचूक. चष्म्याचा नंबर वाढला असावा. मग ती माझ्या हातातल्या पुड्यातून दुसरा आलुबोंडा घेऊन आत गेली.
उद्या डोळे तपासून घ्यावेत.
झोपताना दार लोटले. कडी लावली नाही. उकाडा फार आहे.