मम्मीने बांधलेली दोरी

प्रिय रूडसेल,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही.

इतक्या वर्षांनी हॉलंडहून बायकोला घेऊन आपल्या बोनेर बेटावर येतोयस. किनाऱ्यावरूनच बुडी मारता येईल अशा जागा विचारल्यास, त्या मी कळवल्या. भाड्याची गाडी ठरली, हवेच्या टाक्या ठरल्या, हॉटेलही ठरलं.

मम्मी म्हणाली, "हॉटेल कशाला? त्याची खोली आहे की!"

"समुद्रातून आल्यावर ओले कपडे वाळवायला जागा लागते त्यांना," मी थाप मारली.

दुपारी पाहते तर दुखऱ्या गुडघ्यांनी ती स्टुलावर चढलेली. अंगणात नवी दोरी बांधत होती.

मला राग आला नाही, रडूही आलं नाही.

"बघत काय बसलीस? ते टोक ओढ," ती म्हणाली.

मी ओढलं.

तुझी ताई,
निल्वा