फोन आहे, या

आई, काल मी बारा बायकांना शिकवत होते. कोणाचा घरगुती मसाला, कोणाची फणसपोळी, एकीची गणपतीपुळ्याला खाणावळ. मोबाइलवर धंद्याचं पान कसं चालवायचं, गिऱ्हाइकांना बोलतं कसं करायचं, हे मी हल्ली शिकवते. त्यासाठी लोक मला मुद्दाम बोलावतात, हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. खाणावळवाली म्हणाली, "मॅडम, मी रोज फोटो टाकतंय, पण कोण काय बोलतच नाय." मी शिकलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुझ्या फळ्याचंच सांगत सुटले.

अठ्ठ्याण्णव साल. मांडवीतलं आपलं बिस्किटं-सरबताचं दुकान, आत फोन, बाहेर फळा. सकाळी तू फळ्यावर एक प्रश्न लिहायचीस. 'आज कोणाकडे कसलं कालवण?' लोक थांबायचे, खाली खडूनं उत्तरं लिहायचे, बांगडा मोठा की सौंदाळा यावर तावातावानं भांडायचे आणि जाताना बिस्किटांचा पुडा नेत. शुक्रवारी आखातात सुट्टी, म्हणून त्या दिवशी तिकडून फोन यायचे. मग प्रश्नाखाली तू लिहायचीस, 'अमक्या भाभी, फोन आहे, साडेबाराला या.' एवढंच. कोणाला मराठी वाचता येत नाही, कोणाकडे निरोप धाडायचा, कोणाला नवऱ्याशी बोलताना रडू येतं, सगळं तुला ठाऊक. रडणारी आली की तू रेडिओ मोठा करून बाहेर उन्हात जाऊन उभी राहायचीस. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला हे सुचलं कसं, याचं मला आजही नवल वाटतं. मी एवढी शिकले, पण माझी मजल अजून तिथवर गेलेली नाही.

एका शुक्रवारी तू बाजारात गेलेली आणि दुकानात मी, कॉलेजातली शहाणी. मागच्या मोहल्ल्यातल्या चाचींसाठी चाचांचा मस्कतहून फोन आला. म्हणाले, "तिला सांग, मी कायमचा येतोय." मला वाटलं, केवढी आनंदाची बातमी. ठळक अक्षरांत, चाचांचं नाव घालून लिहिलं, 'कायमचे घरी येत आहेत. अभिनंदन!' खाली दोन फुलंही काढली. आखातातला माणूस न ठरवता कायमचा येतो म्हणजे नोकरी गेली, हे मांडवीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मला कळलं नाही. चाचींना मराठी वाचता येत नसे, त्यामुळे सगळ्यांनी वाचून झाल्यावर त्यांना ते शेजारणीकडून कळलं. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलेलं.

तू आलीस, फळा पाहिलास आणि पदरानंच पुसलास. "काय गो, फळ्यावर बोलावणं लिवायचं, बातमी कानात सांगायची. एवढं कळत नाय तुला?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. मग फोन यायच्या ऐन वेळेला तू दुकान बंद केलंस आणि मला घेऊन चाचींच्या दारात गेलीस. आत मुलीच्या सासरच्या बायका येऊन बसलेल्या. त्यांच्यासमोर तू हात जोडलेस. "भाभी, चूक माजी. फोन मीच घेतला, नीट ऐकला नाय, नि भलतंच लिवलं." चाची एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमी तरी असं करायला नको होतं." पाणीसुद्धा विचारलं नाही. परतताना मी म्हटलं, त्यांना खरं काय ते सांगते. तू म्हणालीस, "गप. तू लग्नाची पोर. माजी चूक लोक चार दिवसांत विसरतील."

लोक विसरले, चाची नाही विसरल्या. लग्न वर्षभर लांबलं, पण झालं. त्या मात्र फोन घ्यायला दुसरीकडे जायला लागल्या. तुझं एक अख्खं माणूस माझ्यामुळे तुटलं आणि तू त्यावर मला पुन्हा चकार शब्द बोलली नाहीस. मग एका शुक्रवारी चाची दुकानात येऊन उभ्या राहिल्या. चाचा पुन्हा मस्कतला लागले होते. तू ना आनंद दाखवलास, ना जुनं उगाळलंस. "बसा," म्हणालीस, रेडिओ मोठा केलास आणि बाहेर उन्हात गेलीस. मी गल्ल्यामागून तुझी पाठ बघतेय, आणि मला कळतंय की ही बाई माझ्यापेक्षा फार मोठी आहे.

काल त्या बारा जणींत चाचीही होत्या. नातीचा हात धरून आल्या होत्या. मसाल्याचा धंदा त्यांचाच, मोबाइल नात बघते. फळ्याची गोष्ट मी रंगवून सांगितली आणि त्या शुक्रवारच्या अलीकडेच थांबवली. वर्ग सुटल्यावर त्या हळूहळू पुढे आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. "आयशीचं बरं सांगितलंस गो. एकदाच चुकली बिचारी. मी तिला कधीच माफ केलंय."

चूक माझी होती हे सांगायची एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी म्हटलं, "हो, चाची."

हे सगळं खरं तर त्यांना सांगायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तुला लिहिलेलं कुठं पाठवावं लागत नाही.